घर बांधताना माणूस पारखावा

(आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून नंतर लिहून दिले.)



मी काही भाषण करणारी बाई नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. मंडळात आजवर मी सतरंज्या अंथरल्या, वाण वाटले, फार तर आरतीला आवाज दिला. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही घर बांधताना जे सोसलेत तेच सांगा. त्याला पुस्तक कशाला हवे?" म्हणून उभी राहिले. बोलताना चुकले तर पदरात घ्या.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्यात म्हणतात. लग्नात आपण मुलाची किती चौकशी करतो! कूळ बघतो, नोकरी बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, कोणी व्यसनाबद्दल कुजबुजले तर मागे फिरतो. आणि घर बांधायला माणूस नेमताना मात्र, "ओळखीचा आहे, स्वस्त करतो म्हणाला," एवढ्यावर जन्माची पुंजी त्याच्या हवाली करतो. मी तेच केले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आज माझी ठेच तुम्हांला दाखवते.

आमचे जुने घर तुम्ही पाहिलेले आहे. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढे ओटी. पावसाळ्यात घरात भांडी मांडून ठेवावी लागत. आमचे हे एस.टी.त वाहक आहेत. त्यांच्या फंडातून उचल घेतली, थोडे साठवलेले होते, आणि माझ्या आईने दिलेल्या पाटल्या बँकेत ठेवल्या. असे करून २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही घर पाडले आणि दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेलो. घर ६४० चौरस फुटांचे ठरले होते.

तिघांकडून दर घेतले होते. दोघांचा मालासह दर चौरस फुटाला १,७०० रुपयांच्या आसपास होता. तिसरे आमच्या नात्यातले. ह्यांचे लांबचे मावसभाऊ लागतात, म्हणजे माझे भाऊजी. ते म्हणाले, "वहिनी, घरचे काम आहे, १,४५० मध्ये करतो." मी वहीवर हिशेब केला. १,७०० ने १०,८८,००० होतात आणि १,४५० ने ९,२८,०००. एक लाख साठ हजार वाचत होते. ह्यांचे मन थोडे मागेपुढे होत होते. हट्ट मी धरला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर कित्येक दिवस मी सगळा दोष दुसऱ्यांना देत होते.

कागद काहीच केला नाही. नात्यात कागद कसा मागायचा? वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले, तेवढाच आमचा करार. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही.

काम सुरू झाले आणि महिन्याभरात एकेक गोष्ट कळू लागली. जिना त्या दरात नव्हता, त्याचे ७०,००० वेगळे. पाण्याची टाकी धरली नव्हती, ४५,०००. गच्चीचा कठडा ४०,०००. मोरी आणि संडासाच्या फरश्या ३०,०००. बेरीज करा, १,८५,००० होतात. म्हणजे जो दर स्वस्त वाटला तो शेवटी पंचवीस हजारांनी महागच पडणार होता. बाकीच्या दोघांनी जिना, टाकी, कठडा सगळे दरात धरले होते. त्यांनी ते कागदावर लिहूनही दिले होते. मी तो कागद वाचलाच नव्हता, फक्त खालचा आकडा पाहिला होता.

आता सासूबाईंची एक गोष्ट सांगते. त्यांचे माहेर पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. घराची दगडमातीची भिंत फुगून कोसळली. त्या आईबरोबर बाहेर धावल्या म्हणून वाचल्या. गल्लीतल्या सगळ्यांना तसे धावता आले नाही. त्यामुळे घराच्या कामात त्यांचे डोळे भिंतीपेक्षा लोखंडावर जास्त असतात. खांबांच्या सळया उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी भाऊजींना विचारले, "ह्या रिंगांची टोके आत वळवायची असतात ना? आमच्याकडे इंजिनियर सांगत होते." भाऊजी हसले आणि म्हणाले, "आत्या, तुम्ही सावलीत बसा. ह्यातले तुम्हांला काय कळते?"

मैत्रिणींनो, त्या हसण्यातच मला सगळे कळायला हवे होते. सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी नकाशा काढून देणारे इंजिनियर आले. त्यांनी सांगितले की रिंगेची टोके नुसती काटकोनात सोडायची नाहीत, ती आतल्या काँक्रीटात वळवून घ्यायची, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. त्यांनी उभे राहून त्या दुरुस्त करून घेतल्या. त्या दिवसापासून माझी पहिली कसोटी हीच आहे. बाईच्या प्रश्नाला हसणारा ठेकेदार घ्यायचा नाही. ज्याला काम येते तो सांगतो. ज्याला लपवायचे असते तो हसतो, नाहीतर रागावतो.

इंजिनियर एका खेपेला ३,००० रुपये घेत. खांबांच्या वेळी ते आले होते. मार्चमध्ये स्लॅब टाकायच्या वेळी भाऊजी म्हणाले, "कशाला उगाच तीन हजार घालवता? मी आहे ना." आम्ही ते तीन हजार वाचवले.

स्लॅबच्या दिवशी सासूबाई सरपण झाकायला सिमेंटची रिकामी पोती गोळा करत होत्या. मी त्यांच्याबरोबर पोती मोजली, ती ६१ भरली. मोजली आणि विसरले. मोजून काय करायचे असते तेच मला ठाऊक नव्हते. नंतर इंजिनियरांनी हिशेब करून सांगितले की एवढा स्लॅब आणि तुळया धरून ८० च्या आसपास पोती लागायला हवी होती. उरलेली गेली कुठे, हे ज्याने काम केले त्यालाच ठाऊक.

पुढची चूक माझी. स्लॅब पडल्यावर तिसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेले. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवून ठेवायचे असते. निदान सात दिवस, आणि हल्ली जे राखमिश्रित सिमेंट मिळते त्याला दहा दिवस तरी ओल राहिली पाहिजे. उन्हाळ्यात तर त्याहून अधिक दिवस ठेवलेली बरी. भाऊजींचा पोऱ्या सकाळी एकदा नळी फिरवून जात असे. मी परत आले तर स्लॅब कोरडा ठणठणीत. शिवाय सहाव्या दिवशी खालचे टेकू आणि पत्रे काढून दुसऱ्या कामावर नेले होते, कारण सेंटरिंग भाड्याचे होते आणि एकाच सेंटरिंगवर तीन ठिकाणची कामे चालली होती. लहान खोलीच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस तरी ठेवायचे असतात. साडेचार मीटरहून मोठ्या खोलीचे चौदा दिवस. तुळईखालचेही चौदा दिवस, आणि सहा मीटरहून लांब तुळई असेल तर एकवीस दिवस. हे मला आज पाठ आहे. त्या वेळी ठाऊक असते तर मी लग्नाला गेले नसते.

एप्रिलमध्ये माणसे कमी झाली. मे महिन्यात कोणीच येईना. फोन केला की "उद्या". तोवर आमच्याकडून ६,५०,००० रुपये गेले होते. इंजिनियरांनी झालेल्या कामाची किंमत काढली ती ५,२०,००० निघाली. म्हणजे आमचे १,३०,००० रुपये कामाच्या पुढे धावत होते. मग तो माणूस कशाला येईल? त्याला उरलेल्या कामात तोटाच होता. आमच्याच पैशाने आम्ही त्याला पळायला वाट करून दिली होती.

जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला. छत्री घेऊन मी आणि हे घर बघायला गेलो. स्लॅबमधून चार ठिकाणी पाणी गळत होते आणि मधल्या तुळईला खालून पोकळ्या दिसत होत्या. एका ठिकाणी तर सळई उघडी पडली होती. ह्यांनी छत्री मिटली आणि त्या गळत्या पाण्याखाली नुसते उभे राहिले. तो दिवस मी विसरणार नाही. घरी येऊन आम्ही दोघे कितीतरी वेळ बोललो नाही.

सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या घरी गेल्या आणि त्यांच्या ओटीवर बसून राहिल्या. भांडल्या नाहीत. "पैसे दे म्हणजे उठते," एवढेच म्हणाल्या. दोनतीन खेपांत चाळीस हजार परत आले. बाकीचे गेले. ग्राहक आयोगाकडे जावे असे कोणी सुचवले. घर बांधून देणे ही कायद्याने सेवा आहे आणि तीत खोट असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या कामाला फीही पडत नाही. १९१५ ह्या क्रमांकावर फोन करून सल्लाही विचारता येतो. पण आम्हांला पहिलाच प्रश्न आला, "करार दाखवा, पावत्या दाखवा." आमच्याकडे वहीचे मागचे पान. पुष्कळसे पैसे रोख दिलेले. नाते तुटेल म्हणून ह्यांनीही मन आखडले. नाते तसेही तुटलेच. तुळई आणि स्लॅबच्या दुरुस्तीला ९५,००० लागले आणि त्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

रडगाणे पुरे. आता दुसऱ्या खेपेला आम्ही काय केले ते सांगते, कारण उपयोगी तेच आहे.

पावसाळाभर आम्ही माणूस शोधला. माझे म्हणणे असे की ठेकेदार शोधायला पावसाळ्यासारखा काळ नाही. उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली दिसतात. प्रत्येकाकडून त्याने बांधलेल्या तीन घरांचे पत्ते घ्यावेत. एक यंदाचे, एक पाचसहा वर्षांपूर्वीचे, आणि एक काम चालू असलेले. पाचसहा वर्षांपूर्वीचे घर खरी साक्ष देते.

आणि तिथे गेल्यावर घरमालकाला विचारू नका, घरमालकिणीला विचारा. मालकाने पैसे दिलेले असतात, त्याला आपली फसगत झाली असे म्हणवत नाही. तो म्हणतो, "काम झकास आहे." मोरीचे पाणी कुठे तुंबते, ओट्याखालच्या फळीला ओल कुठून येते, खिडकीतून पाऊस कुठवर आत येतो, हे ज्या बाईचा दिवस त्या घरात जातो तिलाच ठाऊक. मी अकरा घरे पाहिली. प्रत्येक ठिकाणी चारच प्रश्न विचारले. ठरलेल्या पैशापेक्षा किती जास्त गेले? ठरलेल्या दिवसापेक्षा किती दिवस जास्त लागले? काम झाल्यावर काही बिघडले तेव्हा बोलावल्यावर आला का? आणि पुन्हा घर बांधायचे झाले तर त्यालाच बोलवाल का? शेवटच्या प्रश्नाला बाई ताबडतोब "हो" म्हणते की क्षणभर थांबते, तेवढे बघायचे. त्या थांबण्यात उत्तर असते.

घर बघताना नुसती रंगरंगोटी बघू नये. मोरीत तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कुठे जाते ते पाहावे. खोलीचा कोपरा तपासायची युक्ती मला एका सुताराने शिकवली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करायची, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा गुण्यात आहे. कमीजास्त आले तर फरशी बसवताना कोपऱ्यात तुकडे लावावे लागतात. भिंतीला ओळंबा लावून बघावा. तोही अवघड नाही. दोरीला वजन बांधले की झाला.

काम चालू असलेल्या ठिकाणी जाऊन दूर उभे राहून बघावे. सिमेंटची पोती जमिनीवर टाकली आहेत की फळ्यांवर रचली आहेत? विटा भिजवून लावतात की कोरड्याच? माल किती वेळ कालवून ठेवतात? माणसे ठेकेदाराला घाबरून आहेत की मोकळी बोलतात? पाणी वाहणाऱ्या बाईला मी हळूच विचारत असे, "शनिवारी पगार मिळतो का?" जो आपल्या मजुरांचे पैसे बुडवतो तो आपलेही काम बुडवतो.

एका बाईच्या घरी गेले असताना तिने ज्या गवंड्याचे नाव घेतले तेच आम्ही नेमले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांचा दर सगळ्यांत कमी नव्हता. पण पहिल्याच भेटीत त्यांनी दर सांगितला नाही, आम्हांलाच प्रश्न विचारले. घरात माणसे किती? आजी रात्री उठतात का? मग संडास त्यांच्या खोलीजवळ हवा. वरून पुढेमागे मजला चढवणार का? ओट्याची उंची म्हणून मला सरळ उभे केले आणि माझ्या कोपरापासून माप घेतले. मी त्यांना विचारले, "एका वेळी किती कामे घेता?" म्हणाले, "दोन. तिसरे घेतले की पहिल्याचे वाटोळे होते." सेंटरिंग कुणाचे, हेही विचारले. ह्या वेळी आम्ही माल स्वतः घ्यायचा आणि त्यांनी मजुरीवर करायचे असे ठरवले.

कुठली पद्धत बरी, असे मला बायका विचारतात. मालासह दिले तर धावपळ वाचते, पण माल हलका येण्याची भीती असते. मजुरीवर दिले तर मालाची खात्री असते, पण रोज कुणीतरी तिथे उभे राहावे लागते. घरात तसे मोकळे माणूस असेल तरच मजुरीवर द्यावे.

माल पारखणे फारसे अवघड नाही, भगिनींनो. गहू निवडणाऱ्या बाईला वीट निवडता येणार नाही काय? दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. नखाने ओरखडा उठता नये. कमरेच्या उंचीवरून टाकली तर फुटता नये. वाळू ओंजळीत चोळून टाकली आणि तळव्याला माती चिकटून राहिली तर ती धुतलेली नाही. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवले की गाळ वर वेगळा बसतो, तो डोळ्यांनी दिसतो. सिमेंटच्या पोत्यावर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने घेऊ नये. पोत्यात हात घातला की गार लागावे, खडे लागता नयेत. लोखंड वजनाने येते. बारा मिलिमीटरच्या सळईचे वजन एका मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम असते, म्हणजे बारा मीटरची एक सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. आम्ही एक सळई भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून पाहिली. दुकानदार त्या दिवसापासून आम्हांला फार मान देऊ लागला.

कागद ह्या वेळी केला. मुद्रांकाच्या कागदावर, दोन साक्षीदारांसह. मामा म्हणाले, "बाई, कागद माझ्याही फायद्याचा आहे. तुम्ही मधेच खिडकी हलवा म्हणालात तर मी कुणाकडे पैसे मागू?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आपणही मधेच दहा गोष्टी बदलतो आणि मग वाढलेल्या खर्चाबद्दल ठेकेदाराला नावे ठेवतो. कागदात काय काय लिहावे? काम कोणते आणि कोणते नाही. चौरस फूट कुठून कुठे मोजायचे. जिना, टाकी, कठडा, शोषखड्डा, कुंपण ही नावे घालून. माल कोणत्या प्रतीचा. किती दिवसांत पुरे करायचे. वाढीव काम निघाले तर आधी दर लिहून सही, मग काम. आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती.

हा पैशाचा टप्पा म्हणजे सगळ्याचे मर्म आहे. माझे एकच सांगणे पदराला गाठ मारून ठेवा. पैसा कामाच्या मागून चालावा, पुढून कधी चालू नये. साहित्यासाठी थोडी उचल द्यावी, ती कामाच्या एका टप्प्याहून जास्त नसावी. पुढे जोते झाले की एक हप्ता, वीटकाम झाले की एक, स्लॅब, गिलावा, फरशी, असे एकेक. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत आपल्याकडे ठेवावा आणि हे आधीच कागदात लिहावे. प्रामाणिक माणूस त्याला नाही म्हणत नाही. पैसे शक्यतो बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावेत, रोख दिले तर वहीत सही घ्यावी. पण काम झाले की हप्ता त्याच दिवशी द्यावा. आपण चार दिवस लांबवले तर तिकडे मजुरांच्या चुली थंड राहतात.

इंजिनियरांच्या खेपाही ह्या वेळी वाचवल्या नाहीत. नगरपालिकेची परवानगी, जोत्याची तपासणी, शेवटचा भोगवटा दाखला, हे कागद फाईलीत लावून ठेवले. मी रोज संध्याकाळी वहीत लिहीत असे. किती माणसे आली, किती पोती लागली, किती रिकामी झाली. मुलगी फोनवर फोटो काढून ठेवी. भिंतीत नळ आणि विजेच्या नळ्या कुठून गेल्या त्यांचे फोटो गिलाव्याच्या आधी जरूर काढा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

फ्लॅट घेणाऱ्या बहिणींसाठी दोन शब्द. त्यांची गोष्ट थोडी निराळी. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून मोठ्या इमारतींच्या कामाची महारेराकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारून संकेतस्थळावर पाहावा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पण आपल्या जागेत आपण घर बांधून घेतो तेव्हा त्या ठेकेदाराला हा कायदा लागत नाही. तिथे आपला कागद हाच आपला कायदा.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरासाठी डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायाही आपल्यासारख्याच. पहिल्या कामावर परांचीची फळी सरकून एक बाई पडली. पाय मुरगळला, त्यावर निभावले. तिची कुठेच नोंद नव्हती. राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. अठरा ते साठ वयाच्या, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराची त्यात नोंद होते, मग उपचाराला, मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. त्या नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यावा लागतो. तुम्ही ठेकेदार ठरवताना हेही विचारा, "तुम्ही तुमच्या माणसांना दाखला देता का?" मामा देत होते. आमच्या कामावरच्या दोघींची नोंद झाली.

२०२३ च्या अक्षयतृतीयेला आमची वास्तुशांत झाली. तुम्ही सगळ्या आला होतात. त्यानंतर तीन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात मी रात्री उठून छताला हात लावून पाहत असे. आता पाहत नाही. पहिला पावसाळा संपल्यावर मामांना ठेवलेला दहावा हिस्सा द्यायला बोलावले, तेव्हा त्यांनी पैसे घेण्याआधी गच्चीवर जाऊन, सगळ्या खोल्या फिरून, मोरीत पाणी ओतून पाहिले आणि मगच चहा घेतला. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "भूकंप आला तरी आता मी धावणार नाही." मामा म्हणाले, "नाही आजी, धावायचेच. माझे काम चांगले आहे, पण तुम्ही धावायचेच." आपल्या कामाबद्दल असे बोलणारा माणूस, मला वाटते, विश्वासाचा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आपल्या कपाटात एक वही ठेवू या. ज्या बाईच्या घरी बांधकाम, दुरुस्ती, नळाचे किंवा फरशीचे काम होईल तिने त्यात लिहावे. कोणी केले, ठरले किती, गेले किती, दिवस किती लागले, नंतर बोलावल्यावर आला का. आपल्या घरचे तेवढेच लिहायचे, ऐकीव नको आणि शिवीगाळ नको. चांगले काम झाले तर तेही लिहायचे, म्हणजे चांगल्या कारागिराला काम मिळेल. ज्या बाईला पुढे घर बांधायचे असेल तिने आधी ती वही वाचावी, आणि मग त्या घरी जाऊन तांब्याभर पाणी ओतून बघावे. वहीचे पहिले पान मी लिहिते. त्यात माझा मूर्खपणाही लिहीन, लाजणार नाही.

दरवर्षी संक्रांतीला आपण एकमेकींना वाण लुटतो. यंदा माझ्याकडून हेच वाण समजा.  तिळगूळ घ्या, गोड बोला, पण ठेकेदाराशी बोलताना आधी लिहून घ्या.